वाढती गाठ प्रतिकारपेशींचं वागणं कसं बदलते?

श्वेतकण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कर्करोगाचा विषय निघाला की "गाठ प्रतिकारशक्तीपासून लपते" हे वाक्य हमखास कानावर येतं. लपणं हा त्यातला एक भाग आहेच, पण तिथेच थांबलं की मोठा मुद्दा निसटतो. बऱ्याच गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या), न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या), टी-पेशी (रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या किंवा इतरांना आवरणाऱ्या) अशा प्रतिकारपेशी भरपूर दिसतात. त्या तिथे पोचल्या आहेत, जिवंत आहेत, पण भलतंच काम करताहेत. ते काम कोणत्या पायरीवर आणि कशामुळे बदलतं, यावर हा धागा. जाणकारांनी आपापला भाग सविस्तर लिहावा.

मी मॅक्रोफेजपासून सुरुवात करतो.

केशवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन ऊतीत साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पोचतो. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की नव्या रक्तवाहिन्यांवाचून तिचं भागत नाही. लांबच्या पेशी गुदमरतात. एरवी काही मिनिटांत मोडलं जाणारं एचआयएफ-१-अल्फा हे प्रथिन त्यांच्यात टिकून राहतं आणि व्हीईजीएफसारखे, नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावणारे संकेत सुरू करतं. जोडीला गाठ सीसीएल२ आणि सीएसएफ-१ ही संकेत-प्रथिनं सोडते. सीसीएल२ रक्तातल्या मोनोसाइट पेशीला बोलावून घेतं. सीएसएफ-१ तिला आत जगवतं आणि तिचं मॅक्रोफेजमध्ये रूपांतर करतं.

आत आलेल्या या पेशीला काय जाणवतं? मेलेल्या पेशींचा कचरा, कमी ऑक्सिजन, लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर उरणारा पदार्थ), आणि आयएल-४, आयएल-१०, टीजीएफ-बीटा ही संकेत-प्रथिनं. जखम भरत असताना ऊतीत बऱ्याच अंशी हेच संकेत असतात. त्यामुळे ती जंतू मारणारं नायट्रिक ऑक्साइड बनवण्याऐवजी आर्जिनेज (आर्जिनिन हे अमिनो आम्ल मोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) बनवते, रक्तवाहिन्या वाढवणारे घटक सोडते, आजूबाजूची जाळी मोडून नवी रचते आणि टी-पेशींना थोपवून धरते. ती बिघडलेली नाही. तिला दुरुस्तीचा हुकूम मिळतो आहे आणि तो ती चोख पाळते आहे. इथे जखम कधी भरत नाही, म्हणून हुकूमही थांबत नाही.

एम१ (जंतू मारणाऱ्या) आणि एम२ (दुरुस्ती करणाऱ्या) मॅक्रोफेज अशी जी विभागणी शिकवतात ती प्रयोगशाळेतल्या बशीत दोन टोकांचे संकेत देऊन मिळालेली आहे. गाठीतली एकच मॅक्रोफेज दोन्हींकडची जनुकं एकाच वेळी दाखवू शकते. त्यामुळे पेशीवर सीडी१६३ किंवा सीडी२०६ हे खुणेचं प्रथिन दिसलं की "एम२" असा शिक्का मारून पुढे जाऊ नये.

गाठ मॅक्रोफेजना कशी ओढते याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे सांध्याच्या अस्तरात होणारी टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर. तिच्यात मूळ दोष असलेल्या पेशी थोड्याच असतात. बहुतेक वेळा गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे त्या सीएसएफ-१ अतोनात बनवतात आणि गाठीचा बराचसा आकार त्याच्या ओढीने आलेल्या मॅक्रोफेज वगैरे पेशींचा असतो. सीएसएफ-१ चा ग्राही (संकेत पकडणारं पेशीवरचं प्रथिन) बंद करणारं पेक्सिडार्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये याच आजारासाठी मंजूर झालं.

तेच तत्त्व फुप्फुस, स्वादुपिंड वगैरेंच्या गाठींना लावल्यावर एकट्या औषधाने फारसं हाती लागलं नाही. कारणं समजून घेण्यासारखी आहेत. रक्तातलं सीएसएफ-१ मॅक्रोफेज स्वतःच ग्राहीमार्फत शोषून घेत असतात. ग्राही अडवला की रक्तातलं सीएसएफ-१ चढतं, आणि औषध थांबताच मॅक्रोफेज पुन्हा येतात. शिवाय जागा मोकळी झाली की न्यूट्रोफिलसारख्या दुसऱ्या पेशी ती भरून काढतात. उंदरांत सीसीएल२ अडवणारं प्रतिपिंड मध्येच थांबवल्यावर अस्थिमज्जेत अडून राहिलेल्या मोनोसाइट एकदम बाहेर पडल्या आणि स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार उलट वाढला. पेशींची ये-जा रोखणारी औषधं सुरू करताना ती थांबवायची कशी, हे आधीच ठरलेलं असावं.

निळा_लिटमस

छान धागा. मी आम्लता आणि अन्नाबद्दल लिहितो. आकडे समोर असल्याशिवाय इथे अंदाजच येत नाही.

निरोगी ऊतीत पेशींबाहेरच्या द्रवाचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. गाठीत तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो. विश्रांतीच्या वेळी रक्तात लॅक्टेट १ ते २ मिलिमोलर असतं. गाठीत ते सहज १० च्या वर जातं. कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोज लॅक्टेटपर्यंतच मोडतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं. हे लॅक्टेट त्याचंच.

आता टी-पेशीची अडचण बघा. सक्रिय झालेली टी-पेशीही ग्लुकोज झपाट्याने मोडते, तिलाही लॅक्टेट बाहेर टाकायचं असतं. ते नेणारा एमसीटी-१ हा वाहक लॅक्टेट आणि प्रोटॉन जोडीने नेतो, आणि कोणत्या दिशेने नेणार ते दोन्ही बाजूंच्या प्रमाणावर ठरतं. बाहेरच आम्ल साचलेलं असेल तर आतलं निघत नाही. पेशीचा आतला भाग आम्लधर्मी होतो, ग्लुकोज मोडण्याची साखळी मंदावते, एनएफएटी हे नियामक प्रथिन कमी पडतं आणि इंटरफेरॉन-गामा हे हल्ल्याचं संकेत-प्रथिन घटतं. बशीतल्या प्रयोगात अशी टी-पेशी लॅक्टिक आम्ल नसलेल्या माध्यमात २४ तास ठेवली तर बऱ्याच अंशी सावरते. म्हणजे हा परिणाम थकव्यापेक्षा (प्रतिजन सतत समोर राहून टी-पेशीची क्षमता टिकाऊपणे ओसरण्यापेक्षा) वेगळा आहे. थकव्यावर कुणी लिहील तेव्हा हा फरक लक्षात ठेवावा.

नियामक टी-पेशी, म्हणजे ट्रेग, मात्र याच वातावरणात तगतात. त्यांच्यातलं फॉक्सपी३ हे नियामक प्रथिन ग्लुकोजवरचं अवलंबन कमी करतं आणि त्या लॅक्टेट इंधन म्हणून वापरू शकतात. मारणाऱ्या पेशी लुळ्या आणि आवरणाऱ्या पेशी ठणठणीत, असा दुहेरी फटका बसतो. मॅक्रोफेजवर लॅक्टेटचा परिणाम आणखी थेट आहे: त्याच्यामुळे त्यांच्यात एचआयएफ-१-अल्फा टिकतं आणि आर्जिनेज व व्हीईजीएफ वाढतात.

"कर्कपेशी सगळं ग्लुकोज खातात, म्हणून टी-पेशी उपाशी राहतात" हे चित्र मात्र जपून वापरावं. २०२१ मध्ये उंदरांच्या गाठींत किरणोत्सारी खुणा लावून कोणती पेशी काय घेते हे मोजलं गेलं. दर पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज मॅक्रोफेज आणि तत्सम पेशींनी घेतलं. कर्कपेशी ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) घेण्यात पुढे होत्या. ग्लुकोज सगळ्याच गाठींत संपलेलं असतं असं नाही, आणि कुठली पेशी काय घेते हे तिच्या आतल्या आदेशांवरही ठरतं.

अर्धविराम

दोन्ही प्रतिसाद उत्तम. एक विचारतो: पॅथॉलॉजीच्या अहवालात किंवा फ्लो सायटोमेट्रीच्या (रंग लावून एकेक पेशी मोजण्याच्या) आलेखात पीडी-१ हे प्रथिन असलेल्या टी-पेशी दिसल्या की "थकलेल्या" लिहून मोकळे होतात. ते कितपत बरोबर? आणि थकलेली पेशी पुन्हा कामाला लागते का?

शृंखला

@अर्धविराम, नुसत्या पीडी-१ वरून थकवा ठरवू नये. कोणतीही टी-पेशी सक्रिय झाली की पीडी-१ वर येतं. तो तिचा नेहमीचा ब्रेक आहे. थकवा म्हणायचा तर पीडी-१ जास्त प्रमाणात आणि टिकून, सोबत टिम-३, लॅग-३ किंवा टिजिट हे दुसरे ब्रेक, आतमध्ये टॉक्स हे नियामक प्रथिन, आणि पुन्हा उत्तेजन दिल्यावर कमी सायटोकाइन (संकेत-प्रथिनं), एवढं एकत्र दिसायला हवं. यातलं शेवटचं मोजल्याशिवाय बाकीच्यांवर भिस्त ठेवू नये.

हे घडतं असं. टी-पेशीला प्रतिजनाचा (ती ओळखते त्या प्रथिनाच्या तुकड्याचा) संकेत मिळतो तेव्हा एनएफएटी सक्रिय होतं. सोबत सीडी२८ या ग्राहीमार्फत दुसरा संकेत मिळाला तर एपी-१ हे दुसरं नियामक प्रथिन त्याच्या जोडीला येतं आणि लढाऊ जनुकं उघडतात. गाठीत प्रतिजन आठवडे-महिने सतत समोर असतं, पण दुसरा संकेत क्षीण असतो. जोडीदाराविना काम करणारं एनएफएटी मग टॉक्ससारखी जनुकं चालू करतं. पुढे क्रोमॅटिनची (डीएनए ज्यात गुंडाळलेला असतो त्याची) रचनाच बदलते: काही जनुकांचे दरवाजे बंद, काहींचे कायमचे उघडे. क्षमता साधारण टप्प्याटप्प्याने जाते. आयएल-२ बनवणं आणि जोमाने विभागणं आधी, मग टीएनएफ, शेवटी इंटरफेरॉन-गामा. हा क्रम आधी उंदरांतल्या एलसीएमव्ही या विषाणूच्या जुनाट संसर्गात उलगडला, गाठींकडे लक्ष नंतर गेलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थकव्याच्या कोणत्या पायरीवर पेशी आहे त्यावर अवलंबून आहे. टीसीएफ-१ हे नियामक प्रथिन असलेल्या "पूर्वज" पेशी अजून विभागू शकतात. पीडी-१ अडवणाऱ्या औषधांना मुख्यतः त्याच प्रतिसाद देतात. टीसीएफ-१ हरवून टिम-३ भरपूर आलेल्या पेशी थोडंफार मारू शकतात, पण नव्या पेशींची फौज उभी करू शकत नाहीत. औषध दिलं तरी क्रोमॅटिनवरच्या खुणा बऱ्याचशा तशाच राहतात. म्हणून गाठीतल्या सीडी८ पेशी (मारणाऱ्या टी-पेशी) मोजताना टीसीएफ-१ चा रंगही लावावा. नुसत्या संख्येपेक्षा तो बरंच जास्त सांगतो.

आणखी एक. गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ (पीडी-१ हा ब्रेक दाबणारं प्रथिन) दिसणं ही नेहमीच वाईट बातमी नसते. टी-पेशीने सोडलेल्या इंटरफेरॉन-गामाला उत्तर म्हणून ते बरेचदा उगवतं. म्हणजे तिथे हल्ला चालू होता. जॅक१, जॅक२ किंवा बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिनची जनुकं बिघडली तर मात्र प्रकरण वेगळं. पहिल्या दोन्हींत गाठ इंटरफेरॉनलाच बहिरी होते, तिसऱ्यात एमएचसी-१ (टी-पेशीला प्रतिजन दाखवणारं प्रथिन) पृष्ठभागावर येत नाही आणि टी-पेशीला ओळखायला काही उरत नाही.

रातराणी_७

एमएचसी-१ गेलं तर एनके (नॅचरल किलर) पेशींनी मारायला हवं ना? "स्वतःची खूण नसलेला तो परका" हा नियम तर १९८० च्या दशकापासून माहीत आहे.

शृंखला

हवंच, आणि काही ठिकाणी त्या मारतातही. पण एनके पेशीला खूण नसणं आणि ताणाची खूण असणं, दोन्ही लागतं. ताणाची खूण म्हणजे मिका, मिकबी ही प्रथिनं. ती एनकेजी२डी या ग्राहीला बसतात. गाठीत एडॅम१० आणि एडॅम१७ ही विकरं ती पृष्ठभागावरून कापून टाकतात. कापलेले तुकडे द्रवात तरंगत ग्राहीला अडवू शकतात, आणि टीजीएफ-बीटा तो ग्राहीच कमी करतं. त्यात एनके पेशी घट्ट गाठींत मुळात कमीच शिरतात.

जांभळा_धागा

ट्रेग आणि अ‍ॅडिनोसिनबद्दल थोडं.

मरणाऱ्या पेशींतून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बाहेर सांडतं. खरं तर तो धोक्याचा इशारा. टी-पेशींना प्रतिजन दाखवून कामाला लावणाऱ्या डेंड्रायटिक पेशी त्याने जाग्या होतात. गाठीत सीडी३९ हे विकर त्याचं एएमपी करतं, सीडी७३ त्याचं अ‍ॅडिनोसिन. अ‍ॅडिनोसिन टी-पेशीच्या ए२ए ग्राहीवर बसलं की आत सायक्लिक एएमपी वाढतं, पीकेए हे विकर सक्रिय होतं आणि टी-पेशी ग्राहीचा संकेत अगदी सुरुवातीलाच, एलसीके या विकरापाशी, दाबला जातो. धोक्याच्या इशाऱ्याचं दोन विकरांत शांत बसण्याच्या आदेशात रूपांतर होतं. ट्रेगवर सीडी३९ मुबलक असतं, त्यामुळे त्या जिथे जमतात तिथे हे जोरात चालतं. त्यांना बोलावणारा मुख्य संकेत सीसीएल२२, तो सीसीआर४ या ग्राहीवर बसतो.

ट्रेग हा गाठीने घडवलेला प्रकार नाही, हे विसरू नये. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ असलेल्या या पेशी दाखवल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ जनुक शोधलं. या तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. स्वतःच्या ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून त्या लागतातच. शरीरभरातून काढून टाकल्या तर स्वप्रतिकाराचे आजार उसळतात. म्हणून गाठीतल्याच ट्रेग निवडून काढायची धडपड चालू आहे.

आयडीओचा धडाही इथे नोंदवतो. हे विकर ट्रिप्टोफॅन मोडून किन्युरेनिन बनवतं. टी-पेशी अडखळतात, ट्रेग वाढतात. उंदरांतले निकाल आणि सुरुवातीच्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. पण मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) मोठ्या चाचणीत, ७०६ रुग्णांत, पीडी-१ अडवणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला आयडीओ अडवणाऱ्या एपाकॅडोस्टॅटची जोड देऊन काहीच जादा फायदा झाला नाही. हे २०१८ मध्ये कळलं. रुग्ण निवडताना आयडीओ किती सक्रिय आहे ही अट नव्हती. शिवाय टीडीओ नावाचं दुसरं विकरही किन्युरेनिन बनवतं, आणि ते या औषधाने अडत नाही. एक वाट बुजवली की दुसरी उघडी राहते, हे या विषयात पुन्हा पुन्हा दिसतं.

पिपेटधारी

वर सगळ्यांनी लिहिलेलं बशीत तपासायला गेल्यावर नेमकं कुठे चुकतं, ते लिहितो. नवीन विद्यार्थ्यांना उपयोग होईल.

माध्यम (पेशी वाढवायचा द्रव): नेहमीच्या आरपीएमआय-१६४० मध्ये ग्लुकोज ११ मिलिमोलर असतं, म्हणजे रक्ताच्या दुप्पट. आर्जिनिन १.१५ मिलिमोलर, म्हणजे रक्तातल्यापेक्षा दहापट किंवा अधिक. अशा सुबत्तेत आर्जिनेजचा परिणाम दिसला नाही तर नवल नाही. शक्य तर मानवी रक्तद्रवाच्या प्रमाणातलं माध्यम वापरा, नाहीतर निदान आर्जिनिनविरहित आरपीएमआय घेऊन त्यात ०.१ मिलिमोलर घाला. इन्क्युबेटरचंही तसंच. आत ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास असतो, गाठीत बरेचदा १ ते २ टक्के किंवा त्याहून कमी.

गाठीच्या पेशींवरचं वापरलेलं माध्यम टी-पेशींना देऊन "गाठ दडपते" असा निष्कर्ष काढण्याआधी त्या माध्यमाचा पीएच, ग्लुकोज आणि लॅक्टेट मोजाच. ४८ तास वापरलेलं माध्यम नुसतं निःसत्त्व असू शकतं. तुलनेसाठी एक नमुना ग्लुकोज भरून आणि पीएच ७.४ ला आणून ठेवा. परिणाम तरीही राहिला तरच विरघळलेल्या संकेताचा शोध घ्या. लॅक्टेट तपासताना १० मिलिमोलर लॅक्टिक आम्ल, १० मिलिमोलर सोडियम लॅक्टेट, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याच पीएचला आणलेलं साधं माध्यम, असे तिन्ही गट हवेत. नाहीतर आम्लाचा परिणाम लॅक्टेटच्या नावावर जमा होतो.

टीजीएफ-बीटा एलायझाने (प्रतिपिंड वापरून प्रथिन मोजण्याच्या चाचणीने) मोजताना ते बहुतांशी सुप्त रूपात असतं, त्यामुळे आधी आम्लाने उघडावं लागतं: १०० मायक्रोलिटर नमुन्यात २० मायक्रोलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, १० मिनिटं खोलीच्या तापमानाला, मग १.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.५ मोलर हेपीस यांचं मिश्रण २० मायक्रोलिटर, आणि लगेच मोजणी. गोम अशी की गाईच्या सीरममध्येही सुप्त टीजीएफ-बीटा असतं आणि किट ते ओळखू शकतं. पेशी न घातलेलं तेच माध्यम त्याच पायऱ्यांतून नेऊन वजा केलं नाही तर सगळे आकडे फुगलेले येतात.

गाठ विरघळवताना कोलॅजिनेज आणि डीएनएज, ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं, मग ७० मायक्रोमीटरची गाळणी. जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात आणि "हा मार्कर गाठीत नाही" असा खोटा निकाल येतो. म्हणून रक्ताच्या पेशी त्याच विकरात, तेवढाच वेळ ठेवून तपासा. शिवाय ३७ अंशांवर फॉस, जुन ही ताणाची जनुकं चढतात. एकपेशी आरएनए वाचणार असाल तर त्यांना गाठीचा परिणाम समजू नका. मॅक्रोफेज स्वतःच चमकतात, म्हणून रंग न लावलेला नमुना, मृत पेशींचा रंग आणि एफसी ग्राही बंद करणारा घटक, यातलं काहीही गाळू नये.

ट्रेग मोजताना: माणसात साधी टी-पेशीही सक्रिय झाल्यावर थोडा काळ फॉक्सपी३ दाखवते. सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी, हे सोबत बघा.

अस्थिमज्जा

पिपेटधारींना पूर्ण अनुमोदन. न्यूट्रोफिलबद्दल एक भर.

गाठीचा प्रभाव गाठीपुरता राहत नाही. ती सोडत असलेलं जी-सीएसएफ, जीएम-सीएसएफ आणि आयएल-६ अस्थिमज्जेत पोचतं आणि तिथे घाईघाईने अर्धवट पिकलेल्या पेशी बाहेर पडू लागतात. त्यातल्या ज्या टी-पेशींना दाबतात त्यांना एमडीएससी म्हणतात. त्या आर्जिनिन संपवतात, त्यामुळे टी-पेशी ग्राहीची झीटा साखळी (संकेत आत पोचवणारा भाग) कमी होते आणि ग्राही अर्धा मुका होतो.

प्रत्यक्षात घोळ होतो तो रक्ताच्या नमुन्यात. साधे न्यूट्रोफिल फिकोलच्या (रक्तपेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवाच्या) तळाशी बसतात. न्यूट्रोफिल जातीच्या एमडीएससी हलक्या असल्यामुळे वरच्या पांढऱ्या थरात येतात. पण रक्त बराच वेळ पडून राहिलं तर साधे न्यूट्रोफिलही उत्तेजित होऊन हलके होतात आणि त्याच थरात येतात. त्यामुळे रक्त काढल्यावर काही तासांत काम उरका. गोठवलेले नमुने या पेशींसाठी निरुपयोगी, वितळताना त्या मरतात. आणि नुसत्या मार्करवर एमडीएससी म्हणू नका. टी-पेशींसोबत वाढवून विभाजन खरंच रोखलं जातंय का, ते दाखवायला हवं.

रानफूल

धागा अवघड आहे, पण बरंच समजलं. एक साधा प्रश्न: मग "प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून जी औषधं, पूरकं मिळतात त्यांनी गाठीतल्या पेशी जाग्या होतील का?

श्वेतकण

रानफूल, प्रश्न महत्त्वाचा आहे. पेशी कमी आहेत ही इथली अडचण नाही. ज्या आहेत त्यांना तिथे मिळणारे आदेश ही अडचण आहे. वर अस्थिमज्जा यांनी लिहिलंय तसं, काही पेशी वाढणं हाच आजाराचा भाग असतो. सरसकट "वाढवणारी" कोणतीही गोष्ट या आदेशांना हात लावत नाही. खरोखर ब्रेक काढणारी औषधं, म्हणजे सीटीएलए-४ किंवा पीडी-१ अडवणारी, आतडी, फुप्फुसं, थायरॉइड यांवरही हल्ला करवू शकतात, म्हणून ती देखरेखीखालीच देतात. उपचार चालू असलेल्यांनी कुठलंही पूरक घेण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवावं, ही कळकळीची विनंती.

जांभळा_धागा

जागेचा मुद्दा राहिलाय, तो लिहितो.

काही गाठींत टी-पेशी आतवर पसरलेल्या असतात, काहींत जवळपास नसतातच, आणि काहींत त्या काठावर रांग लावून अडकलेल्या दिसतात. तिसऱ्या प्रकारात टीजीएफ-बीटाने चेतवलेले फायब्रोब्लास्ट कोलॅजनचे दाट पट्टे घालतात आणि टी-पेशी त्यांच्यातच अडकून पडतात. रक्तवाहिन्यांकडूनही अडवणूक होते. व्हीईजीएफमुळे अस्तरपेशींवरची आयकॅम-१ सारखी चिकटवणारी प्रथिनं कमी होतात, त्यामुळे टी-पेशीला वाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडता येत नाही. दुसऱ्या प्रकाराचं एक कारण मेलानोमात सापडलं आहे: कर्कपेशीत बीटा-कॅटेनिन सक्रिय असेल तर सीसीएल४ हा बोलावणारा संकेत घटतो, योग्य डेंड्रायटिक पेशी येत नाहीत, आणि टी-पेशींना निमंत्रणच जात नाही.

म्हणून मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इम्युनोस्कोर (गाठीतल्या टी-पेशींवरून काढलेला गुणांक) काढताना सीडी३ (सगळ्या टी-पेशी) आणि सीडी८ पेशी गाठीच्या मध्यात आणि आक्रमक काठावर, अशा दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या मोजतात.

अर्धविराम

म्हणजे सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यावर हा प्रकार ठरवणं धोक्याचं?

जांभळा_धागा

हो. सुई काठ सोडून मध्यातून गेली तर काठावर अडकलेल्या टी-पेशींची गाठ "रिकामी" दिसेल, आणि नेमकी काठावरून गेली तर तीच गाठ "भरलेली" वाटेल. सुईचाच नमुना हाती असेल तर निदान दोन-तीन वेगळ्या जागांचे तुकडे घ्यावेत, प्रत्येकात काठ आला आहे का ते अहवालात लिहावं, आणि काठ आलाच नसेल तर प्रकार ठरवू नये, फक्त मध्यातली संख्या द्यावी.